कडेची फट : डॉक्टरांच्या मुखपट्टीचा इतिहास

डॉक्टरांच्या मुखपट्टीचा इतिहास बहुतेक वेळा कापडाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. गॉज, म्हणजे विरळ विणीच्या सुती कापडाचा एक पदर, मग दोन, मग सहा, मग पदरांमध्ये कापसाची घडी आणि अखेरीस विद्युतभारित कृत्रिम तंतूंचा थर, अशा क्रमाने गाळण सुधारत गेली आणि तिच्यासोबत डॉक्टरांचे संरक्षणही वाढत गेले, असा या कथनाचा सूर असतो. तो सर्वस्वी चुकीचा नसला तरी त्यात मूळ अडचण बाजूला राहते. माणूस श्वास आत घेतो तेव्हा मुखपट्टीच्या आतल्या बाजूला हवेचा दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा जिथून कमीत कमी अडथळ्याने येता येईल तिथून आत शिरते. नाकाच्या दोन्ही अंगांना, गालफडांशी किंवा हनुवटीखाली कापड आणि त्वचा यांच्यात फट राहिली असेल, तर कापड जितके दाट तितकी हवा त्या फटीकडे अधिक वळते. त्यामुळे गाळण उत्तम आणि फिटिंग सैल असलेली मुखपट्टी ही भिंती जाडजूड बांधून दार उघडे ठेवलेल्या घरासारखी असते. हे वैद्यकाला शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते, तरीही त्याचा बंदोबस्त करण्याचे काम रुग्णालयांनी नव्हे तर खाणी, युद्धभूमी आणि अणुप्रयोगशाळा यांनी केले, आणि रुग्णालयांनी ते बऱ्याच उशिरा व काहीशा नाखुशीने स्वीकारले.

या उशिराचे एक कारण मुखपट्टीच्या जन्मातच आहे. जर्मनीतील ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक कार्ल फ्ल्युगे यांनी १८९७ च्या सुमारास असे दाखवून दिले की, साधे बोलतानाही तोंडातून सूक्ष्म थेंब उडतात आणि त्यांवर स्वार होऊन जंतू दूरवर जातात. या प्रयोगांत ज्या जंतूच्या द्रावणाने चूळ भरली जाई त्याच्या वसाहती लालभडक रंगाच्या असत, त्यामुळे खोलीत ठिकठिकाणी ठेवलेल्या काचेच्या ताटल्यांवर लाल ठिपके उमटले की थेंब कुठवर पोचले हे नुसत्या डोळ्यांनी कळे. त्याच गावातील शल्यविशारद योहान फोन मिकुलिच यांनी त्या वर्षी गॉजचा एक पदर तोंडावर बांधून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली, तर पॅरिसमध्ये पॉल बर्जे यांनी सहा पदरांची मुखपट्टी वापरात आणली आणि तिची खालची कड थेट आपल्या निर्जंतुक एप्रनला शिवून घेतली, म्हणजे दाढीही झाकली जाई. या दोघांनाही वाचवायचे होते ते टेबलावरच्या रुग्णाच्या उघड्या जखमेला. डॉक्टरांच्या तोंडातून सरळ समोर उडणारे थेंब कापडाने अडवले की काम झाले. कडेने थोडी हवा आत-बाहेर झाली तरी त्या हेतूला फारशी बाधा येत नव्हती. शल्यक्रियागृहातील मुखपट्टी आजही याच वंशातली आहे. रुग्णाच्या श्वासापासून डॉक्टरांना वाचवणारी मुखपट्टी हे मुळात वेगळे साधन आहे, आणि दिसायला सारख्या असलेल्या या दोन वस्तू एकच समजल्या गेल्याने पुढे बरेच नुकसान झाले.

या दुसऱ्या साधनाची गरज भासवली ती प्लेगने, आणि त्या प्रकरणाचा आरंभ मुंबईत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या साथीने वैद्यकजगताला जो धडा दिला तो गाठीच्या प्लेगचा होता: उंदीर मरतात, त्यांच्यावरच्या पिसवा माणसाला चावतात आणि जांघेत किंवा काखेत गाठ येते. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा दुवा मांडला आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने तो पक्का केला. मात्र याच मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधील डॉ. चाइल्ड यांनी शवविच्छेदनांच्या आधारे आणखी एक प्रकार नोंदवून ठेवला होता. त्यात गाठ येत नसे, जंतू सरळ फुप्फुसात ठाण मांडत आणि रुग्णाची थुंकी जंतूंनी भरलेली असे. या प्रकाराचे भय किती खरे होते ते १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात दिसले. मुंबईहून ऑस्ट्रियन प्लेग आयोगाने नेलेल्या जंतूंवर काम चालू असताना प्रयोगशाळेतील एका सेवकाला लागण झाली, त्याच्यावर उपचार करणारे आणि स्वतः त्या आयोगाबरोबर मुंबईला येऊन गेलेले डॉ. हर्मान म्युलर दगावले, आणि शुश्रूषा करणारी परिचारिकाही वाचली नाही. तरीही उंदीर आणि पिसू यांचे सूत्र इतके प्रभावी ठरले होते की फुप्फुसाचा प्लेग हा अपवाद म्हणूनच पाठ्यपुस्तकांत राहिला.

१९१० च्या अखेरीस मंचुरियात हा अपवादच नियम झाला. चीन सरकारने तिआनजिनच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून पाठवलेले डॉ. वू लिएन-तेह २४ डिसेंबर १९१० रोजी हार्बिनला पोचले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. पेनांगमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या वूंनी तिथे पोचल्यावर तीनच दिवसांनी एका मृत स्त्रीचे शवविच्छेदन करून फुप्फुसातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उंदरांची वाट न पाहता रोग श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि डॉक्टर, परिचारिका, स्वच्छता कामगार, प्रेते उचलणारे मजूर अशा सगळ्यांनी तोंड व नाक झाकावे असा आग्रह धरला. या निष्कर्षाला विरोध करणाऱ्यांत तिआनजिनच्याच दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयातील फ्रेंच प्राध्यापक जेराल्ड मेनी हे होते. वयाने आणि मानाने ते वूंपेक्षा मोठे होते, गाठीच्या प्लेगशी त्यांचा परिचय होता आणि एका तरुण चिनी डॉक्टरच्या हाताखाली काम करणे त्यांना रुचत नव्हते. जानेवारी १९११ च्या पहिल्या आठवड्यात ते हार्बिनच्या रशियन रुग्णालयात गेले, अंगात पांढरा झगा, डोक्यावर टोपी, हातांत मोजे असा जामानिमा करून त्यांनी रुग्ण तपासले, पण मुखपट्टी बांधली नाही. ११ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर हार्बिनमध्ये मुखपट्टीविषयीचा वाद जवळपास संपला आणि रस्त्यावरून जाणारे लोकही तोंड बांधून फिरू लागले. एका मृत्यूने जे साधले ते कुठल्याही परिपत्रकाने साधले नसते, हे खेदाने का होईना मान्य करावे लागते.

वूंची मुखपट्टी बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यातला विचार कापडापेक्षा कडेविषयी अधिक आहे. शल्यक्रियेत वापरला जाणारा नऊ इंच रुंदीचा गॉज घेऊन त्याची तीन फूट लांबीची पट्टी कापायची, ती लांबीत दुमडून मधोमध सहा इंच लांब व चार इंच रुंद कापसाची चपटी लादी ठेवायची आणि दोन्ही टोकांना कात्रीने दोन-दोन उभे छेद देऊन प्रत्येक बाजूला तीन शेपट्या करायच्या. वरची शेपटी कानाच्या वरून डोक्यामागे, खालची कानाच्या खालून मानेमागे आणि मधली डोक्याच्या माथ्यावरून, असे बांधले की कापूस तीन दिशांनी चेहऱ्यावर ओढला जातो आणि बोलताना किंवा वाकताना सरकत नाही. एवढ्या साहित्याला तेव्हाच्या चिनी चलनात अडीच सेंट खर्च येई. अडाणी मजुरालाही बांधता येईल आणि दिवसाअखेरी जाळून टाकता येईल, अशी ही वस्तू होती. कमीत कमी साठ हजार माणसांचा बळी घेऊन ती साथ १९११ च्या वसंतात ओसरली. ती आटोक्यात येण्यात मुखपट्टीचा वाटा किती आणि रेल्वेबंदी, विलगीकरण व जानेवारीअखेर बादशहाच्या परवानगीने झालेले हजारो प्रेतांचे दहन यांचा किती, हे वेगळे करून सांगता येत नाही.

एप्रिल १९११ मध्ये मुकदेन, म्हणजे आजचे शेनयांग, येथे अकरा राष्ट्रांची प्लेग परिषद वूंच्या अध्यक्षतेखाली भरली. तिला आलेल्यांपैकी मनिलाच्या शास्त्रज्ञांनी हा विषय तिथेच सोडला नाही. बार्बर आणि टीग यांनी मनिलात मुखपट्ट्यांवर जंतूंचा बारीक फवारा सोडून पाहिला आणि १९१२ मध्ये निष्कर्ष छापले: ज्या मुखपट्ट्यांवर मंचुरियात भिस्त ठेवली गेली होती त्या अत्यंत सूक्ष्म तुषार पूर्णपणे अडवू शकत नव्हत्या. हा निष्कर्ष मुखपट्टीविरोधी नव्हता, पण वीरगाथेच्या रंगात आलेल्या चर्चेला त्याने जमिनीवर आणले.

यापुढची कबुली अधिक स्पष्ट होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीत सॅन फ्रान्सिस्को शहराने सर्व नागरिकांना गॉजची मुखपट्टी सक्तीची केली, लोकांनी ती गळ्यात अडकवली, नाकाखाली ओढली, भोके पाडून तिच्यातून सिगारेटी ओढल्या, आणि साथ व्हायची तशी झालीच. कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य मंडळाचे डब्ल्यू. एच. केलॉग यांनी मॅकमिलन या सहकाऱ्याबरोबर गॉजच्या पदरांची रीतसर परीक्षा घेतली आणि १९२० मध्ये जो निष्कर्ष मांडला त्यात या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार, उपयोगी पडेल इतके पदर वाढवले की त्यांतून श्वास घेणे जड जाते आणि मग हवा मुखपट्टीच्या कडेने आत गळते. ज्या ठिकाणी पुढचा प्रश्न स्वाभाविकपणे 'मग कड कशी बंद करावी?' असा हवा होता, तिथे वैद्यकाने विषयच मिटवला. मुखपट्टी निरुपयोगी किंवा फार तर अंशतः उपयोगी, असा समज रूढ झाला. पदरांची ती जुनी पट्टी शल्यक्रियागृहात रुग्णाच्या रक्षणासाठी टिकून राहिली आणि क्षय, घटसर्प, गोवर अशा रुग्णांच्या खाटेशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या वाट्यालाही तीच आली.

कडेचा प्रश्न सोडवण्याची सक्ती दुसऱ्याच क्षेत्रांवर झाली होती. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला गेल्यापासून सैन्याला फटीची किंमत मिनिटांत मोजावी लागत होती. त्यामुळे मुखवटा चढवलेल्या सैनिकांना डोळे झोंबणाऱ्या वायूने भरलेल्या बंद खोलीत उभे करून, ज्याचे डोळे पाणावले त्याचा मुखवटा बदलणे हा कवायतीचा भाग झाला. फिटिंगची चाचणी ही कल्पना इथे प्रथम रोजच्या व्यवहारात उतरली. खाणींमध्ये मृत्यू सावकाश येत असल्याने कायदाही सावकाश आला. १९३०-३१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगदा खोदताना सिलिकायुक्त खडकाच्या धुळीने शेकडो मजूर, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय, फुप्फुसाच्या रोगाने मेले. त्यानंतर अमेरिकेच्या खाण विभागाने १९३४ मध्ये धुळीपासून रक्षण करणाऱ्या साधनांसाठी मान्यतेचे नियम केले. अशा साधनाला रेस्पिरेटर म्हणतात, म्हणजे चेहऱ्याला चिकटून बसणारा आणि आत येणारी सगळी हवा गाळणीतूनच यावी अशा बेताने केलेला मुखवटा. हा शब्द त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी ज्युलियस जेफ्रीज या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कानपूरकडे काम केलेल्या शल्यचिकित्सकाने आपल्या उपकरणासाठी वापरला होता. त्याच्या उपकरणात मात्र गाळणीऐवजी फुप्फुसाच्या रुग्णासाठी हवा उबदार करणाऱ्या धातूच्या जाळ्या होत्या. नव्या नियमांनुसार निरनिराळ्या ठेवणीच्या चेहऱ्यांची माणसे मुखवटा लावून कोळशाच्या धुळीत काम करीत आणि नंतर त्यांच्या नाकात व चेहऱ्यावर काळे कितपत आले आहे हे तपासले जाई. पद्धत ओबडधोबड होती, पण रुग्णालयात यातले काहीही होत नव्हते.

१९६१ मध्ये थ्री-एम कंपनीने सारा लिटल टर्नबुल या रचनाकार स्त्रीच्या सूचनेवरून साच्यात दाबून आकार दिलेली, न विणलेल्या तंतूंची वाटीसारखी मुखपट्टी काढली. ती शल्यक्रियेसाठी होती, पण जंतू अडवण्यात कमी पडल्याने धुळीच्या कामासाठी विकली गेली. याच घडणीतून १९७२ मध्ये एकदा वापरून टाकायचा पहिला मान्यताप्राप्त रेस्पिरेटर निघाला. रबराच्या जड मुखवट्याची जागा घेऊ शकेल असे हलके साधन आता हाती आले होते, मात्र ते कुणाच्या चेहऱ्यावर बसावे हा प्रश्न शिल्लक होता.

त्याचे पहिले पद्धतशीर उत्तर न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत मिळाले. प्लुटोनियमची धूळ हाताळणाऱ्या माणसांना फटीची चूक परवडणारी नव्हती, म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात चेहऱ्यांचा एक नमुनासंच ठरवला. चेहऱ्याची लांबी, म्हणजे नाकाच्या मुळाशी असलेल्या खोलगट जागेपासून हनुवटीच्या टोकापर्यंतचे अंतर, आणि रुंदी, म्हणजे दोन्ही गालफडांच्या हाडांमधले सर्वाधिक अंतर, या दोन मापांची चौकट आखून त्यांनी तिच्या घरांत पंचवीस माणसे बसवली. लांबी ९३.५ ते १३३.५ मिलिमीटर आणि रुंदी ११७.५ ते १५३.५ मिलिमीटर अशी मर्यादा ठरली. अर्ध्या चेहऱ्याच्या मुखवट्यासाठी रुंदीऐवजी ओठांची लांबी घेतली गेली. कल्पना चोख होती, पण ही मापे आली कुठून? ती १९६७ व १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील पुरुष व स्त्रियांची घेतलेली मापे होती. वय, उंची, वजन आणि दातांची स्थिती यांच्या कसोट्या लावून निवडलेल्या तरुण, सडसडीत आणि प्रामुख्याने गोऱ्या माणसांचे ते चेहरे होते. पुढची तीस वर्षे रेस्पिरेटर याच चेहऱ्यांवर पारखले जात राहिले. जगभरातील उत्पादकांनी अमेरिकी बाजारपेठेसाठी जे साचे केले त्यांच्या मागे हाच संच उभा होता, आणि त्या साच्यांतून निघालेला माल पुढे जगात सर्वत्र गेला.

हे साधन रुग्णालयात आणले ते क्षयरोगाने. १९८० च्या दशकाअखेर न्यूयॉर्क, मायामी यांसारख्या शहरांत एचआयव्हीच्या साथीबरोबर औषधांना न जुमानणारा क्षय रुग्णालयांच्या आत पसरला आणि आरोग्य कर्मचारीही त्याला बळी पडले. क्षयाचे जंतू हवेत तरंगत राहणाऱ्या कणांवरून जातात, हे ठाऊक असूनही शल्यक्रियेची सैल पट्टी लावून कर्मचारी त्या खोल्यांत जात होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९० मध्ये व अधिक ठामपणे १९९४ मध्ये रेस्पिरेटरची शिफारस केली, आणि १९९५ मध्ये मान्यतेचे नवे नियम येऊन 'एन-९५' हे नाव जन्मले. त्यातील 'एन' म्हणजे तेलकट तुषारांसाठी नसलेला आणि ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉन, अर्थात मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी तीन भाग, एवढ्या आकाराच्या आसपासचे, गाळायला सर्वांत अवघड असलेले कण किमान ९५ टक्के अडवणारा. हे साधले ते इलेक्ट्रेट तंतूंमुळे. टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांच्यासारख्यांनी विकसित केलेल्या तंत्राने प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंवर टिकाऊ विद्युतभार बसवला जातो आणि तो कणांना ओढून धरतो, त्यामुळे विणीत हवा खेळती राहूनही गाळण उत्तम होते. केलॉग यांची निम्मी अडचण, म्हणजे दाटपणा आणि श्वास यांतला झगडा, इथे सुटली.

उरलेली निम्मी अडचण मात्र त्याच नियमांनी मागे ढकलली. ९५ हा आकडा गाळणीच्या कापडाचा आहे. ती यंत्रावर घट्ट लावून मोजली जाते, तेव्हा चेहरा हजर नसतो. १९९५ च्या नियमांत चेहऱ्यावरील चाचणी मान्यतेच्या अटींतून वगळली गेली आणि फिटिंग पाहण्याचे काम मालकावर, म्हणजे रुग्णालयावर, सोपवले गेले. परिणाम काय झाला ते रोगनियंत्रण केंद्रानेच डिसेंबर १९९८ मध्ये छापले. एन-९५ चे एकवीस नमुने पंचवीस जणांच्या चेहऱ्यांवर पारखले असता, फिटिंग न तपासता मास्क लावल्यास बाहेरच्या कणांपैकी सरासरी ३३ टक्के आत पोचत होते. आधी प्रत्येकाची चाचणी घेऊन नापास जोड्या वगळल्या, तर हेच प्रमाण ४ टक्क्यांवर येत होते. साधन तेच, कापड तेच. फरक होता तो फक्त कोणाच्या चेहऱ्यावर कोणता मास्क बसतो हे आधी पाहण्याचा. हे आकडे गाजायला हवे होते, पण ते तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे गेले नाहीत.

त्याच वर्षी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने रेस्पिरेटर वापरणाऱ्या प्रत्येकाची वार्षिक फिट टेस्ट बंधनकारक केली. तिची साधी रीत अशी की, मास्क न लावलेल्या माणसाच्या डोक्यावर आधी पारदर्शक खिडकी असलेला टोप घालून त्यात सॅकरिनचे अगदी पातळ द्रावण फवारतात आणि गोड चव त्याला कळते की नाही याची खात्री करून घेतात. नंतर मास्क चढवून, टोपात कितीतरी दाट द्रावण ठराविक वेळाने फवारत, त्याला एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने वाचन, कमरेतून वाकणे अशा हालचाली करायला लावतात. जिभेवर गोड आले की मास्क नापास. चाचणीच्या आधी पाव तास काही खाता-पिता येत नाही, आणि ज्यांना सॅकरिनची चवच लागत नाही त्यांच्यासाठी कडू द्रावण असते. काटेकोर रीतीत मास्कला नळी जोडून आतले व बाहेरचे कण यंत्राने मोजतात. बाहेरची संख्या आतल्या संख्येच्या किमान शंभर पट असली तरच माणूस उत्तीर्ण होतो. वजनात ठळक फरक पडला, दात काढले किंवा बसवले, चेहऱ्यावर व्रण आला, तर चाचणी पुन्हा घ्यावी, आणि कडेखाली दाढीचे केस येत असतील तर असा मास्क देऊच नये, अशीही तरतूद आहे.

रुग्णालयांना हे जाचक वाटले. हजारो कर्मचारी, दर वर्षी प्रत्येकाची वीसेक मिनिटे, शिवाय निरनिराळ्या आकारांचे मास्क बाळगण्याचा खर्च, असा त्यांचा हिशेब होता. क्षयरोगासाठी वार्षिक चाचणीची अंमलबजावणी करायला सरकारी पैसा वापरू नये, असे कलम रॉजर विकर या प्रतिनिधीच्या पुढाकाराने अर्थसंकल्पात घातले गेले आणि २००५ ते २००७ या आर्थिक वर्षांत ते टिकले. खाणमजुराच्या बाबतीत असा युक्तिवाद कुणी उघडपणे केला असता तर त्याला माणुसकीशून्य ठरवले गेले असते. डॉक्टर आणि परिचारिकांच्या बाबतीत तो व्यवहार्य ठरला, याचे कारण सेवाभाव या शब्दाच्या आड धोका झाकला जातो हेच असावे.

दरम्यान २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीने कॅनडातील टोरांटो गाठले होते. ऑन्टॅरिओ प्रांतात ४४ जण मरण पावले, त्यांत दोन परिचारिका व एक डॉक्टर होते. एप्रिलमध्ये एका रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना हजर असलेल्या कर्मचाऱ्यांना एन-९५ लावूनही लागण झाली, तेव्हा त्यांची फिट टेस्ट झालेलीच नव्हती असे चौकशीत निघाले. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने दाखवून दिले की, ऑन्टॅरिओच्या आरोग्य संस्थांना लागू असलेली यासंबंधीची तरतूद १९९३ पासून कायद्यात होती आणि ती बहुतेकांना माहीतच नव्हती. रोग थेंबांनी पसरतो की हवेने, हा वाद शास्त्रज्ञ करत बसले आणि तोवर कर्मचाऱ्यांच्या रक्षणाचा निर्णय लांबला, यावर आयोगाने कडक ताशेरे ओढले.

सार्सच्याच वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने हवाई दलाचे जुने चेहरे बाजूला ठेवून ३,९९७ कामगारांच्या चेहऱ्यांची नव्याने मापे घेतली. लॉस अलामोसच्या चौकटीत यांतले सुमारे १५ टक्के चेहरे बसतच नव्हते. नव्या संचात रुंदीची मर्यादा १५८.५ मिलिमीटरपर्यंत वाढली, आणि पुढे त्या मापांवरून मध्यम, लहान, मोठा, लांब-अरुंद व आखूड-रुंद असे पाच नमुना मुखवटे आंतरराष्ट्रीय मानकांसाठी घडवले गेले. चीननेही २००६ मध्ये ३,००० कामगार मोजले आणि आपले चेहरे अमेरिकी चेहऱ्यांपेक्षा आखूड व रुंद असल्याचे नोंदवले.

कोविडच्या साथीत हे सगळे ज्ञान उपलब्ध होते आणि तरीही टंचाईपुढे ते टिकले नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने वार्षिक चाचणीची सक्ती शिथिल केली, एकदाच वापरायचा मास्क पाच वेळा वापरावा लागला, आणि प्रत्येक वेळी ताणलेले इलॅस्टिक फिटिंग थोडे सैल करत गेले. महाराष्ट्रात त्या वर्षी एन-९५ विषयी जे सरकारी निर्णय गाजले ते झडप आणि किंमत यांविषयी होते: जुलैत केंद्राने झडपेचे मास्क वापरू नयेत असे कळवले, तर ऑक्टोबरमध्ये राज्याने एन-९५ ची किंमत १९ ते ४९ रुपयांच्या दरम्यान बांधून दिली. लूट थांबवायला हे आवश्यकच होते, पण बाजारात मिळणाऱ्या मास्कपैकी कितीतरी कानात अडकवायच्या दोऱ्यांचे होते. माथ्यावरून आणि मानेमागून जाणारे दोन पट्टे जसा दाब देतात तसा दाब कानाच्या दोऱ्या देऊ शकत नाहीत, ही बाब किमतीच्या चर्चेत आली नाही.

भारताचे आयएस ९४७३ हे मानक युरोपीय मानकाच्या धर्तीचे आहे आणि अमेरिकी नियमांच्या तुलनेत एका बाबतीत उजवे आहे, कारण त्यात मान्यतेआधी माणसांच्या चेहऱ्यावर गळती मोजली जाते. दहा जणांनी प्रत्येकी पाच हालचाली करायच्या आणि एफएफपी-२, म्हणजे साधारण एन-९५ च्या तोडीच्या, वर्गासाठी पन्नासपैकी किमान शेहेचाळीस मोजण्यांत एकूण गळती ११ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, अशी अट आहे. मात्र ज्या युरोपीय मानकावरून ही पद्धत आली त्यात म्हटले आहे की हे दहा जण दाढी नसलेले असावेत, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर असा मुखवटा नीट बसतच नाही अशा अपवादात्मक व्यक्तींना चाचणीसाठी घेऊ नये. हे 'अपवाद' कोण, ते ब्रिटनच्या रुग्णालयांत २०२० मध्ये कळले. तिथल्या आरोग्यसेवेत तीन-चतुर्थांशांहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत, आणि पुरवठ्यातले मास्क लहान चेहऱ्यांवर बसत नसल्याच्या तक्रारी सुरुवातीपासूनच होत्या. धर्माने केस राखणाऱ्या शीख डॉक्टरांपैकी काहींना कोविडच्या कामावरून हलवण्यात आले. त्यांच्यापैकी काहींनी मग दाढी बसवण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा ठाठा हा पट्टा आठवून, हनुवटीखालून माथ्यावर बांधलेल्या रबरी चादरीच्या पट्टीने दाढी पूर्ण झाकली आणि मास्कची कड त्या गुळगुळीत रबरावर बसवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पूर्ण दाढी असलेल्या २७ जणांपैकी २५ जण चवीच्या चाचणीत उत्तीर्ण झाले आणि यंत्राने मोजलेले पाचही जण उत्तीर्ण झाले. संख्या लहान आहे आणि तिच्यावरून घाईने नियम करता येणार नाहीत हे खरे, पण चेहऱ्याला मास्कजोगे होण्याची आज्ञा देण्याऐवजी कडेखालचा पृष्ठभाग बदलण्याचा विचार या प्रदीर्घ इतिहासात त्याआधी फारच थोड्यांनी केला होता. अमेरिकेच्या १९९८ च्या नियमातील कडेखालच्या केसांबद्दलची मनाई मात्र कायम आहे.